बाळाची चाहूल लागण्याआधी

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्याच्या शासकीय स्त्री रुग्णालयात एका गरोदर महिलेची सोनोग्राफी झाली. गर्भ पस्तीस आठवड्यांचा होता. बाळाची वाढ ठीक दिसत होती, पण त्याच्या पोटात हाडांसारखे काहीतरी आढळले. बारकाईने पाहिल्यावर लक्षात आले, की बाळाच्या पोटात आणखी एक अविकसित गर्भ आहे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला मुलाचा जन्म झाला. अवघ्या तीन दिवसांच्या त्या बाळावर अमरावतीला शस्त्रक्रिया झाली, तेव्हा पोटातून एक नव्हे तर दोन अविकसित गर्भ निघाले. वैद्यकशास्त्रात या अवस्थेला 'फीटस इन फीटू', म्हणजे गर्भात गर्भ, असे म्हणतात. साधारण पाच लाख जन्मांत एखादे असे प्रकरण आढळते, असा अंदाज आहे.

बातमी देशभर गाजली. मोबाइलवर तिचे रूप बदलत गेले आणि 'जन्मलेले बाळच गरोदर' इथपर्यंत मजल गेली. अशी बातमी गावात पोहोचली की पुढचे प्रश्नही ठरलेले असतात. आईने काय खाल्ले होते? ग्रहण पाळले नव्हते का? कोणाची नजर लागली? गरोदरपणात पडली-झडली होती का? सगळ्या प्रश्नांचे बोट शेवटी आईकडेच जाते.

विज्ञानाचा प्रश्न वेगळा आहे. हे नेमके घडले कधी? आठव्या महिन्यात ते दिसले, एवढेच. घडले असेल ते पहिल्या तीन-चार आठवड्यांत. आई होणार आहोत याची त्या मातेला धड कल्पनाही नसेल, अशा काळात. माणसाच्या घडणीतील अनेक मोठे निर्णय याच काळात होतात. त्यातले बहुतेक कोणाच्याच हातात नसतात. एक-दोन गोष्टी मात्र हातात असतात आणि नेमक्या त्याच आपल्याकडून राहून जातात.

पहिला दिवस

पाळीच्या चक्राच्या साधारण मध्यावर अंडाशयातून एक स्त्रीबीज बाहेर पडते आणि बीजवाहिनीत, म्हणजे गर्भाशयाला जोडलेल्या नळीत शिरते. मानवी शरीरातील मोठ्या पेशींपैकी ही एक. तरीही तिचा आकार मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, म्हणजे खसखशीच्या दाण्यापेक्षाही कितीतरी लहान. तिचे आयुष्य फार तर एक दिवसाचे. शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. म्हणूनच बीज बाहेर पडण्याच्या आधीच्या दिवसांत आलेल्या संबंधातूनही गर्भ राहू शकतो.

कोट्यवधी शुक्राणू निघतात, पण बीजवाहिनीत बीजापर्यंत पोहोचतात ते काही शेकडाच. बीजाभोवती एक पारदर्शक कवच असते. ते भेदून एक शुक्राणू आत शिरला, की बीज त्या कवचाची रचनाच बदलून टाकते आणि इतरांना दार बंद होते. दोन शुक्राणू आत गेले तर गुणसूत्रांचा हिशेब चुकतो आणि तो गर्भ टिकत नाही. आईकडून २३ आणि वडिलांकडून २३ अशी ४६ गुणसूत्रे एकत्र येतात. यालाच फलन म्हणतात. हे गर्भाशयात होत नाही, नळीत होते.

बाळाचे लिंग याच क्षणी ठरते. आईच्या प्रत्येक बीजात एक्स गुणसूत्र असते. वडिलांच्या शुक्राणूंपैकी साधारण निम्म्यांत एक्स आणि निम्म्यांत वाय असते. एक्स असलेला शुक्राणू आधी पोहोचला तर मुलगी, वाय असलेला पोहोचला तर मुलगा. त्यानंतर कोणतेही औषध, जडीबुटी, व्रत किंवा खाणेपिणे हा निकाल फिरवू शकत नाही. 'मुलगाच होईल' म्हणून दिली जाणारी पुडी आई दुसऱ्या महिन्यात घेते, तेव्हा निकाल लागून आठवडे उलटलेले असतात. पुडीत काय आहे हे माहीत नसते आणि बाळाचे अवयव घडण्याचा काळ मात्र तोच असतो. म्हणून ही पुडी निरुपयोगी आहेच, धोकादायकही ठरू शकते.

हे शाळेच्या पुस्तकात असते, तरी घराघरांत पोहोचलेले नाही. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यात शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलांमागे फक्त ८५५ मुली होत्या. २००१ मध्ये हाच आकडा ९०८ होता. गर्भलिंग तपासणीवर महाराष्ट्राने १९८८ मध्ये, म्हणजे देशाच्या १९९४ च्या कायद्याच्याही आधी, निर्बंध आणले होते. जिजाऊंचे सिंदखेड राजा ज्या जिल्ह्यात आहे, तिथला हा आकडा आहे. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे, की निवड झालीच असेल तर ती वडिलांच्या शुक्राणूने केलेली असते. आणि तीही कोणाच्या मर्जीने होत नाही.

पहिला आठवडा

फलनानंतर साधारण एका दिवसाने एका पेशीच्या दोन होतात. दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी आठच्या आसपास. गंमत अशी, की पेशी वाढतात पण गर्भाचा आकार वाढत नाही. कवचाच्या आतच वाटण्या होत राहतात. सुरुवातीचे काम बीजात आधीपासून साठवलेल्या शिधासामग्रीवर चालते. चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर गर्भाची स्वतःची जनुके कामाला लागतात. चौथ्या दिवशी हा गोळा तुतीच्या फळासारखा दिसतो. पाचव्या दिवशी आत पाण्याची पोकळी तयार होते आणि पेशींचे दोन गट पडतात. बाहेरच्या थरातून पुढे वारेचा मोठा भाग बनतो, आतल्या छोट्या पुंजक्यातून बाळ. या अवस्थेला ब्लास्टोसिस्ट म्हणतात.

एवढ्या काळात गर्भ नळीतून पुढे सरकत गर्भाशयात पोहोचलेला असतो. मग तो कवच फोडून बाहेर पडतो आणि सहाव्या-सातव्या दिवशी गर्भाशयाच्या अस्तराला चिकटून हळूहळू आत रुजतो. नळी आधीच्या संसर्गाने किंवा क्षयरोगाने खराब झालेली असेल, तर तो वाटेतच अडकून तिथेच वाढू लागतो. पाळी चुकल्यानंतर एका बाजूला तीव्र पोटदुखी, थोडा रक्तस्राव, भोवळ अशी लक्षणे दिसली, तर थांबू नये. नळीतला गर्भ फुटला तर पोटात रक्तस्राव होऊन जीवावर बेतते.

बंद नळीत, बंद पोटात चालणारे हे सगळे कळले कसे? त्यातले बरेच कळले ते प्रयोगशाळेत शरीराबाहेर झालेल्या फलनामुळे. १९७८ च्या जुलैमध्ये इंग्लंडमध्ये जगातील पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून एक मुलगी जन्मली, पण त्यांच्या कामावर तेव्हा विश्वास ठेवला गेला नाही. मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या कामातून एक मुलगी जन्मली. भारतातील पूर्णपणे नोंदवलेले असे हे पहिले बाळ. पुढे याच आनंदकुमार यांनी मुखोपाध्याय यांची कागदपत्रे तपासली आणि पहिलेपणाचा मान त्यांचा आहे, असे १९९७ मध्ये जाहीरपणे मांडले. काचेच्या बशीत वाढणाऱ्या गर्भांनी डॉक्टरांना आणखी एक गोष्ट दाखवली. एकाच जोडप्याचे, एकाच दिवशी फलित झालेले गर्भही सारखे वाढत नाहीत. काही तिसऱ्या दिवशीच थांबतात, काही पाचव्या. निसर्गातही तेच घडत असते, फक्त ते दिसत नाही.

दुसरा आठवडा आणि बुलढाण्याचे बाळ

जुळी दोन प्रकारची असतात. एकाच वेळी दोन बीजे बाहेर पडून दोन वेगळ्या शुक्राणूंनी फलित झाली, तर होणारी जुळी म्हणजे एकाच वेळी जन्मलेली साधी भावंडे. ती एकसारखी दिसतीलच असे नाही. एकच फलित बीज दुभंगले, तर मात्र हुबेहूब जुळी होतात. अशी जुळी जगभर साधारण अडीचशे प्रसूतींमागे एका प्रसूतीत आढळतात.

ही फाळणी कोणत्या दिवशी होते, त्यावर पुढचे सगळे ठरते. पहिल्या तीन दिवसांत झाली, तर दोघांना स्वतंत्र वार आणि स्वतंत्र पिशवी मिळते. चौथ्या ते आठव्या दिवसांत झाली, तर वार एक पण पिशव्या दोन. त्यानंतर तेराव्या दिवसापर्यंत झाली, तर वारही एक आणि पिशवीही एक. त्याहून उशीर झाला, तर फाळणी अर्धवट राहते आणि शरीरे एकमेकांना जोडलेली सयामी जुळी होतात. पंधराव्या दिवसाच्या आसपास गर्भाच्या चकतीवर एक रेघ उमटते. डोके कुठे, पाय कुठे, डावे कोणते, उजवे कोणते, हे तिथून ठरते. गर्भाचे दोन होण्याची मुभा तिथे जवळजवळ संपते. प्रयोगशाळेत मानवी गर्भ चौदा दिवसांपलीकडे वाढवू नये, असा नियम भारतासह अनेक देशांत आहे, त्याचे एक कारण ही रेघ.

बुलढाण्याच्या बाळाच्या बाबतीत काय झाले असावे? सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण असे आहे. एकाच वारेवर वाढणाऱ्या हुबेहूब जुळ्यांच्या रक्तवाहिन्या वारेत एकमेकींना जोडलेल्या असतात. रक्ताची वाटणी समान झाली नाही, तर एक गर्भ पुढे जातो आणि दुसरा मागे पडतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गर्भाची सपाट चकती कडांनी आत वळते आणि शरीराची नळी तयार होते. तेव्हा मागे पडलेला इवलासा गर्भ मोठ्याच्या पोटात गुंडाळला जातो. पुढे तो भावाच्या रक्तावर थोडाफार वाढतो. कणा, हातापायांची हाडे असे काही तयार होते, पण काम करणारा मेंदू नाही, हृदय नाही. त्यामुळे स्वतंत्र जीव म्हणून तो जगू शकत नाही. बुलढाण्यात असे दोन गर्भ होते. काही तज्ज्ञ याला जुळ्यांचा प्रकार न मानता अतिशय प्रगत अशी एक गाठ मानतात. दोन्ही मतांत एका गोष्टीवर एकमत आहे, की दोष आईच्या वागण्यात नाही. आणि ते बाळ 'गरोदर' नव्हतेच. त्याला ना गर्भाशय होते, ना त्याच्या आत कुठले फलन झाले होते. ती त्याची न वाढलेली भावंडे होती.

विदर्भात याआधीही असे प्रकरण घडले आहे. नागपूरच्या एका माणसाचे पोट वर्षानुवर्षे फुगलेले होते आणि लोक त्याची थट्टा करत. १९९९ मध्ये श्वास घेणे अवघड झाल्यावर त्याला मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात नेले. मोठी गाठ असेल असे समजून पोट उघडले, तर आत हाडे, केस आणि हातपाय होते. तेव्हा त्याचे वय ३६ होते. जे जन्माआधीच्या पहिल्या महिन्यात घडले, ते छत्तीस वर्षे कोणालाच कळले नव्हते. बुलढाण्याच्या बाळाचे निदान मात्र जन्माआधीच झाले आणि तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. फरक पडला तो वेळेवर केलेल्या सोनोग्राफीने.

चौथा आठवडा: निसटणारी संधी

तिसऱ्या आठवड्यात गर्भाचे तीन थर होतात. वरच्या थरातून त्वचा आणि मज्जासंस्था, मधल्यातून हाडे, स्नायू, रक्त आणि हृदय, आतल्यातून आतडी आणि फुप्फुसांचे अस्तर. फलनानंतर साधारण बाविसाव्या दिवशी हृदयाची नळी आकसू-प्रसरू लागते. त्याच सुमारास पाठीच्या बाजूची एक पट्टी दोन्ही कडांनी वर उचलली जाते आणि कडा जुळून नळी बनते. हीच मज्जानलिका. तिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतात. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत तिची दोन्ही तोंडे बंद व्हावी लागतात. वरचे तोंड उघडे राहिले, तर मेंदू आणि कवटी तयारच होत नाही आणि ते बाळ जगत नाही. खालचे उघडे राहिले, तर पाठीवर फुगा घेऊन बाळ जन्मते. पुढे पायांत ताकद नसणे, लघवी-शौचावर ताबा नसणे, डोक्यात पाणी साचणे असे त्रास मागे लागतात. भारतातील अभ्यासांच्या एकत्रित अंदाजानुसार दर हजार जन्मांमागे साधारण चार बाळांत असा दोष आढळतो.

आता कॅलेंडर समोर ठेवून हिशेब करू. पाळी चुकते ती फलनानंतर साधारण चौदा दिवसांनी. मज्जानलिका बंद होते अठ्ठाविसाव्या दिवशी. म्हणजे पाळी चुकल्यापासून हातात उरतात फक्त दोन आठवडे. चिखली तालुक्यातल्या एखाद्या गावात सोयाबीनच्या निंदणीच्या दिवसांत पाळी चुकली, तर बाई काय करते? 'या वेळी उशीर झाला असेल' म्हणून वाट पाहते. दुसरी पाळी चुकली की आशाताईंना सांगते. आशाताई 'निश्चय' किटने लघवीची तपासणी करतात, नाव नोंदवतात, गोळ्या देतात. सगळ्यांनी आपले काम चोख केलेले असते. पण तोपर्यंत मज्जानलिकेचे दार बंद झालेले असते किंवा उघडे राहून गेलेले असते.

डॉक्टर 'सहा आठवडे झाले' असे म्हणतात, तेव्हाही थोडा घोळ होतो. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्यामुळे त्यांचे सहा आठवडे म्हणजे गर्भाचे वय चार आठवडे. 'सहाव्या आठवड्यात दाखवायला गेलो, लवकरच गेलो' असे वाटते खरे. पण मज्जानलिकेच्या दृष्टीने तो शेवटचा दिवस असतो.

हा दोष बऱ्याच अंशी टाळता येतो. १९९१ मध्ये सात देशांतील ३३ केंद्रांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आधी असे बाळ झालेल्या स्त्रियांनी पुढच्या गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतले, तर दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटते, असे तिने दाखवले. फॉलिक ॲसिड हे ब गटातील एक जीवनसत्त्व आहे. पेशींची वेगाने वाटणी होताना नवा डीएनए बनवण्यासाठी ते लागते. आणि गर्भात तर दुसरे कामच नसते. मेथी, पालक, हरभरा, मूग, शेंगदाणे यांत ते असते. पण शिजवताना त्यातले बरेच नष्ट होते, म्हणून गोळी लागते. मूल हवे असे ठरले, की किमान एक महिना, शक्यतो तीन महिने आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करावी आणि बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत चालू ठेवावी. सरकारी कार्यक्रमातही गर्भधारणेच्या आधीपासून ही गोळी घेण्याचा सल्ला आहे. चौथ्या महिन्यापासून मिळणारी लोहाची लाल गोळी वेगळी आणि तीही आवश्यक. पण ती या गोळीची जागा घेत नाही. आधीचे बाळ असा दोष घेऊन जन्मले असेल, किंवा फिट्सची औषधे अथवा मधुमेह असेल, तर जास्त डोस लागतो. तो डॉक्टरांनीच ठरवायचा. फिट्सची औषधे मनाने बंद करू नयेत. गर्भधारणेच्या आधी डॉक्टरांना भेटून योग्य ते बदल करून घ्यावेत.

याच भेटीत इतर गोष्टीही उरकून घेता येतात. रक्तातील साखर आणि हिमोग्लोबिन तपासावे. विदर्भात सिकलसेलचे प्रमाण लक्षात घेता नवरा-बायको दोघांनीही ती तपासणी करावी. रुबेलाची लस झाली नसेल तर घ्यावी आणि त्यानंतर महिनाभर गर्भ राहू देऊ नये. मिसरी, तंबाखू, खर्रा सोडावा. हे नवऱ्यालाही लागू आहे, कारण तंबाखूचा परिणाम शुक्राणूंवरही होतो.

आईला दोष देण्याआधी

लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी साधारण दहा ते पंधरा टक्के पहिल्या काही महिन्यांत आपोआप गळून पडतात. पाळी चुकण्याआधीच गळणाऱ्या गर्भांची संख्या त्याहून मोठी असते. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांची संख्या किंवा रचना चुकलेली असते. ही चूक बहुतेक वेळा बीज किंवा शुक्राणू तयार होताना, नाहीतर पहिल्या काही वाटण्यांत झालेली असते. हंडा उचलला, जिना चढला, बसने माहेरी गेली म्हणून ती होत नाही. तरीही गर्भ गळला की 'काहीतरी केले असेल' हे वाक्य घरात येतेच. एकदा गर्भपात झालेल्या बहुतेक स्त्रियांची पुढची गर्भधारणा व्यवस्थित पार पडते. दोन किंवा अधिक वेळा झाला, तर मात्र पती-पत्नी दोघांनीही तपासणी करून घ्यावी.

ग्रहणाचेही तसेच. ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटतो, या समजापायी आठव्या-नवव्या महिन्याच्या बायका आजही उपाशीपोटी अंधाऱ्या खोलीत बसतात. वरच्या ओठाचे भाग गर्भाच्या सातव्या आठवड्यापर्यंत एकमेकांना जुळलेले असतात. जुळायचे राहून गेले असतील, तर तेही तेव्हाच. नवव्या महिन्यातल्या ग्रहणाला तिथे करण्यासारखे काही शिल्लक नसते. उपाशी राहण्याने आईची साखर आणि पाणी मात्र कमी होते.

घरात नवी सून आली, की वर्षभरात 'काही विशेष आहे का?' हा प्रश्न सुरू होतो. त्या प्रश्नाऐवजी तिच्या हातात फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांची पट्टी दिली, तर येणाऱ्या बाळासाठी अधिक काही केल्यासारखे होईल. ही गोळी स्वस्त आहे आणि चिखलीच्या कोणत्याही औषध दुकानात सहज मिळते. उपकेंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात विचारले तर सल्लाही विनामूल्य मिळतो. मूल हवे असे दोघांनी ठरवले, त्या दिवसापासून ही गोळी सुरू करावी. पाळी चुकण्याची वाट पाहू नये.